कारच्या दाराचा लॅच घरी दुरुस्त करताना: आधी काय, मग काय

पावसाळ्यात आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमधून एक आवाज वरचेवर येतो. कुणीतरी कारचं दार आपटत असतं. एकदा लागत नाही म्हणून दुसऱ्यांदा, मग आणखी जोरात. शेवटी दार लागतं आणि नंतर आतूनही उघडत नाही, बाहेरूनही नाही. मग माणूस नवा लॅच, म्हणजे दार अडकवून धरणारी कडेची यंत्रणा, विकत आणतो, दाराचं पॅड (आतलं आवरण) ओढून काढतो, चार क्लिपा मोडतो. संध्याकाळपर्यंत कळतं की जुना लॅच ठणठणीत होता, हँडलला लॅचशी जोडणाऱ्या रॉडला धरून ठेवणारी बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची क्लिप तेवढी तुटली होती.

हे काम घरी होण्यासारखं आहे. बिघडतं ते क्रम चुकल्यामुळे. म्हणून संपूर्ण लेखात एकच नियम धरून चाला: लॅच उघड्या दारात स्क्रूड्रायव्हरने तपासल्याशिवाय दार बंद करायचं नाही. सुरुवातीला नाही, मध्ये नाही, शेवटीही नाही.

## कामापुरती ओळख

दार उघडून त्याच्या कडेला पाहिलंत तर एक खाच दिसेल. खाचेत इंग्रजी यू अक्षरासारखा फिरणारा लोखंडी तुकडा असतो, त्याला मी इथे काटा म्हणतो. दार लावताना गाडीच्या खांबावरची जाड कडी, म्हणजे स्ट्रायकर, या काट्यात शिरते आणि काटा फिरतो. फिरलेला काटा परत उलटू नये म्हणून आत एक खटका असतो. हँडल ओढलं की रॉड किंवा केबल खटक्याला बाजूला करते आणि काटा सुटतो.

काटा दोन टप्प्यांत अडकतो. पहिल्या टप्प्यात दार अर्धवट लागतं, दुसऱ्यात पूर्ण. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियम क्र. 11 मध्ये पूर्ण लागलेल्या लॅचने 11,000 न्यूटन ताण सहन करावा अशी अट आहे, अर्धवट टप्प्यासाठी फक्त 4,500 न्यूटनची. म्हणजे अर्धवट लागलेल्या दाराकडून निम्म्याहून कमी ताकदीची अपेक्षा असते. ‘लागलंय की, चालतंय’ म्हणून तसंच गगनबावड्याचा घाट उतरू नका, आणि मागच्या सीटवर लेकरं असतील तर मुळीच नाही.

## टप्पा 1: उघड्या दारात दोष ओळखा

यासाठी काहीही खोलायचं नाही. एक जाडसर स्क्रूड्रायव्हर घ्या आणि त्याची दांडी स्ट्रायकर समजून काट्यात दाबा. पहिला ‘टक’ ऐकू येईल, आणखी दाबल्यावर दुसरा. आता बाहेरचं हँडल ओढा, काटा झटक्यात उघडला पाहिजे. पुन्हा दाबा आणि आतलं हँडल ओढा. मग तिसऱ्यांदा दाबून आतल्या खुंटीने लॉक करा आणि बाहेरचं हँडल ओढा. आता काटा सुटता कामा नये. लॉक काढल्यावर सुटला पाहिजे.

या पाच मिनिटांत दोष कुठे आहे ते बहुतेक वेळा कळतं:

- दार आपटून परत येतंय आणि काटा आधीच फिरलेल्या स्थितीत आहे. दार उघडं असताना कुणीतरी, बहुतेक वेळा मुलांनी, काटा दाबलेला असतो. लॉक काढून हँडल ओढा, काटा सुटेल. दुरुस्ती संपली.
- काटा फिरतो पण अडकून राहत नाही. खटका घाणीने चिकटलाय, त्याची स्प्रिंग गेलीये, किंवा हँडलचा रॉड इतका ताणलेला आहे की तो खटक्याला कायम उचलून धरतोय.
- आतून उघडतं, बाहेरून नाही. लॅच बहुधा चांगला आहे. बाहेरच्या हँडलचा रॉड किंवा त्याची क्लिप पाहा.
- बाहेरून उघडतं, आतून नाही. मागचं दार असेल तर आधी दाराच्या कडेची चाइल्ड लॉकची कळ पाहा, ती लागली की दार आतून उघडत नाही. गाडी धुताना ती नकळत सरकते. पुढचं दार असेल तर आतली केबल.
- स्क्रूड्रायव्हरने सगळं नीट चालतं, पण दार लागत नाही. मग दोष लॅचमध्ये नाही. स्ट्रायकर, बिजागरी किंवा दाराचं रबर तपासा.
- हाताने लॉक होतं, रिमोटने नाही. सेंट्रल लॉकची मोटर किंवा वायर. दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीत वायरी वाकून वाकून तुटतात, त्यामुळे मोटरला दोष देण्याआधी ती नळी सरकवून वायरी पाहा.

तपासणी: काय चालत नाही ते एका वाक्यात कागदावर लिहा. ते वाक्य लिहिता येत नसेल तर पुढे जाऊ नका, हीच चाचणी पुन्हा करा.

## टप्पा 2: खोलण्याआधी साफ करा

माझ्या अनुभवात निम्मी दारं याच टप्प्यावर बरी होतात, म्हणून इथे घाई नको. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात लॅचला दोन बाजूंनी मार बसतो. जून ते सप्टेंबर पाणी आणि चिखल, आणि पाऊस सरला की गळीत हंगाम. ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरांच्या मागून रोज जाणाऱ्या गाडीच्या लॅचमध्ये धूळ आणि जुनं ग्रीस मिसळून काळं किटण बसतं. त्यात खटका हळूहळू जड होत जातो.

1. दाराखाली जुनं फडकं धरा, म्हणजे घाण सीटवर आणि पायपुसण्यावर जाणार नाही.
2. डब्ल्यूडी-40 किंवा तसाच घाण-गंज सोडवणारा स्प्रे नळी लावून थेट काट्याच्या मागे आणि खटक्यावर मारा. दहा मिनिटं थांबा.
3. जुन्या टूथब्रशने घासा. स्क्रूड्रायव्हरने काटा लावा, हँडलने सोडा, असं वीस-पंचवीस वेळा करा. काळं पाणी निघेल ते पुसा.
4. निघणारा स्प्रे स्वच्छ दिसेपर्यंत पुन्हा मारा.
5. सगळं कोरडं पुसून पांढरं लिथियम ग्रीस लावा. काट्यावर हरभऱ्याएवढं आणि स्ट्रायकरच्या कडीवर पातळ थर.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे फक्त स्प्रे मारून थांबणं. असा स्प्रे जुनं ग्रीसही धुऊन काढतो. दोन दिवस दार लोण्यासारखं चालतं आणि महिन्याभरात पहिल्यापेक्षा जास्त कुरकुरतं. दुसरी, घरातलं खोबरेल किंवा उरलेलं इंजिन ऑइल ओतणं. तेलाला धूळ चिकटते आणि त्याचा घासणारा लगदा होतो. चावीच्या भोकात तर ग्रीसही घालू नका, तिथे कोरडी ग्रॅफाइट पावडर चालते.

तपासणी: टप्पा 1 ची चाचणी पुन्हा. दहापैकी दहा वेळा दोन्ही ‘टक’ आले आणि दोन्ही हँडलांनी काटा सुटला, तरच दार हळूच बंद करून पाहा.

## टप्पा 3: स्ट्रायकर आणि बिजागरी

हा टप्पा फक्त ‘स्क्रूड्रायव्हरने चालतं, दार लागत नाही’ या तक्रारीसाठी.

दार अर्धं उघडून त्याच्या मोकळ्या टोकाला दोन्ही हातांनी वर उचला. खडखड जाणवली, दार वर-खाली झालं, तर बिजागरीची पिन झिजली आहे. अशा वेळी स्ट्रायकर खाली सरकवून दार लावून घेणं म्हणजे दुखणं झाकणं. दार पुढे आणखी उतरेल, रबर फाटेल आणि पावसाचं पाणी आत येईल. आधी बिजागरीचं काम करून घ्या.

बिजागरी घट्ट असेल तर स्ट्रायकरच्या भोवती पेन्सिलीने रेघ मारा. ही रेघ विसरलात तर मूळ जागा कायमची हरवते. दोन्ही स्क्रू फक्त ढिले करा. पूर्ण काढू नका, कारण काही गाड्यांत मागची नटाची पट्टी खांबाच्या आत पडते आणि ती बाहेर काढायला अख्खा दिवस जातो. कडी एका वेळी एक मिलिमीटर सरकवा, स्क्रू घट्ट करा, दार हळूच टेकवून पाहा. दार लागताना वर उचललं जात असेल तर कडी उंच आहे, खाली दबत असेल तर खाली आहे. पूर्ण लागूनही दार खडखडत असेल तर कडी किंचित आत हवी.

## टप्पा 4: खोलायची तयारी

साफसफाईने आणि स्ट्रायकरने भागलं नाही, तरच पॅड काढा. सकाळी सुरू करा, पहिल्यांदा करताना अर्धा दिवस धरा. पावसाच्या दिवसांत छपराखालीच, कारण दार उघडं ठेवून तासन्‌तास काम आहे. गाडी सपाट जागेवर हवी, उतारावर दार आपोआप लागतं.

हाताशी ठेवा: प्लस आणि मायनस स्क्रूड्रायव्हर, टॉर्क्स म्हणजे ताऱ्याच्या आकाराच्या बिटांचा संच (लॅचला बहुधा टी-30 लागतो, काही गाड्यांत तीन नंबरचा मोठा प्लस), 8 आणि 10 नंबरच्या गोट्या (सॉकेट) आणि रॅचेट, प्लास्टिकची पट्टी, लांब चोचीची पकड, टॉर्च, मास्किंग टेप, स्क्रू ठेवायला दोन वाट्या. पॅडच्या सहा-आठ क्लिपा आणि रॉडच्या दोन-तीन क्लिपा आधीच आणून ठेवा. उन्हाने कडक झालेल्या जुन्या क्लिपा निघताना तुटतातच. त्या तुटल्यावर दुकान शोधायला गेलात तर गाडी उघड्या दाराने पडून राहते.

क्रम असा:

1. खोलायच्या दाराची काच पूर्ण वर. काच खाली असेल तर लॅचपर्यंत हात जात नाही.
2. दुसऱ्या एका दाराची काच पूर्ण खाली.
3. चावी खिशात. गाडीत नाही, डॅशबोर्डवर नाही.
4. 10 नंबरच्या पान्याने बॅटरीची मायनस वायर काढा आणि पाच मिनिटं थांबा.
5. काच वरच्या चौकटीला मास्किंग टेपने बांधून ठेवा.

सावधान: काही गाड्यांत साइड एअरबॅगचा सेन्सर दाराच्या आतच असतो. पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला तर त्याला हात लावू नका. आणि बॅटरी परत जोडताना सेंट्रल लॉक आपोआप लागू शकतं. दुसरी काच खाली आणि चावी खिशात, हे दोन्ही त्यासाठीच.

## टप्पा 5: पॅड काढणं

दाराचं पॅड जोरावर निघत नाही. कुठेतरी एक स्क्रू लपलेला असतो आणि माणूस ओढत राहतो. आतल्या हँडलच्या वाटीमागे, दार ओढायच्या मुठीतल्या छोट्या झाकणाखाली आणि पॅडच्या कडेला, या तीन जागा टॉर्चने पाहा. हाताने फिरवायची काच असेल तर तिच्या हँडलमागची स्प्रिंगची कडी फडक्याची कड घासून काढता येते. ती उडून लांब जाते, दुसरा हात आडवा धरा.

सगळे स्क्रू निघाल्यावर खालच्या कोपऱ्यातून प्लास्टिकची पट्टी घाला आणि क्लिपेच्या अगदी जवळून एक-एक सोडवत या. शेवटी पॅड वर उचलून काचेच्या कडेतून काढा. लगेच दूर ओढू नका. मागे काचेच्या स्विचची वायर आणि हँडलची केबल लटकत असते. आधी त्यांचे फोटो काढा, मग सोडवा.

पॅडखाली डिंकाने चिकटवलेला प्लास्टिकचा कागद दिसेल. बरेच जण तो टरकावून फेकून देतात. ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. काचेवरून दारात उतरणारं पाणी हा कागद बाहेरच ठेवतो. तो नसेल तर पहिल्याच मोठ्या पावसात पायाखालचं कार्पेट भिजतं आणि गाडीला कुबट वास येतो. लॅचच्या बाजूचा भाग ब्लेडने डिंक कापत सोडवा आणि टेपने बाजूला धरून ठेवा.

हात आत घालण्याआधी एक काम करा. दाराच्या खालच्या काठाला पाणी निचरायची भोकं असतात, ती बारीक तारेने मोकळी करा. ती बुजली की दारात पाणी साचतं आणि लॅचची मोटर गंजते. 2019 आणि 2021 च्या महापुरात ज्या गाड्यांच्या दारांपर्यंत पाणी आलं होतं, त्यांच्या दारांच्या तळाशी गाळाचा थर सापडू शकतो. तो ओल्या फडक्याने काढल्याशिवाय नवा लॅच बसवण्यात अर्थ नाही.

## टप्पा 6: रॉड, क्लिपा आणि केबल

लॅचचे स्क्रू अजून काढू नका. एका माणसाला बाहेरचं हँडल ओढायला सांगा आणि टॉर्चने आत पाहा. हँडल हलतं पण रॉड हलत नाही: क्लिप तुटली. रॉड हलतो पण लॅचचा दांडा पुरेसा हलत नाही: रॉड ढिला झाला. दांडा पूर्ण हलतो, तरी काटा सुटत नाही: आता मात्र लॅचच.

रॉडची क्लिप ओढून निघत नाही. आधी ती रॉडवरून फिरवून बाजूला करायची, मग रॉड भोकातून सरळ बाहेर. नवी बसवताना ‘टिक’ असा आवाज आला पाहिजे.

रॉडला लांबी कमी-जास्त करायचा आटा असेल तर किती फेरे फिरवले ते मोजून लिहा. लॅचला भिडण्याआधी रॉडला साधारण एक मिलिमीटर मोकळीक हवी.

सावधान: हँडल हलकं चालावं म्हणून रॉड ताणून बसवू नका. ताणलेला रॉड खटक्याला अर्धवट उचलून धरतो, आणि मग खड्ड्यात आदळल्यावर चालत्या गाडीचं दार उघडू शकतं. घरगुती दुरुस्तीतली सर्वांत धोक्याची चूक हीच.

क्लिपेऐवजी बांधलेली तार, रबरबँड, दोरा हे घरापर्यंत यायला ठीक. कायमचं नको.

## टप्पा 7: लॅच काढणं आणि नवा निवडणं

दाराच्या कडेचे तीन स्क्रू कारखान्यात डिंक लावून बसवलेले असतात. बिट खोबणीत पूर्ण बसवा, मागून हातोडीचे दोन हलके ठोके द्या, मग पूर्ण वजन टाकून फिरवा. बिट एकदा घसरला की स्क्रूचं तोंड जातं आणि मग ड्रिलशिवाय गत्यंतर नाही. प्रत्येक रॉडचा फोटो काढून रॉड सोडवा, कनेक्टरची जीभ दाबून वायर काढा आणि लॅच आतून खाली घेऊन मोठ्या भोकातून बाहेर काढा. भोकातून निघत नसेल तर फिरवून पाहा, पत्रा वाकवू नका.

काढलेला लॅच बादलीत धुवायचा मोह होतो. मोटर नसेल तर रॉकेलने धुऊन, पूर्ण वाळवून, ग्रीस लावून तो परत वापरता येतो. मोटर असेल तर फक्त काट्याच्या बाजूला स्प्रे. स्प्रिंग तुटली असेल, काटा किंवा खटक्याची कड गोल झाली असेल, तर लॅच बदलायचाच.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात कुठलाही लोखंडी तुकडा घडवून किंवा वेल्ड करून देणारे कसलेले कारागीर आहेत, आणि इतर हजार कामांना मी तिथेच जातो. पण काट्याची झिजलेली कड वेल्डने भरून घेऊ नका, रिवेट कापून लॅच उघडू नका. ते पोलाद कठीण केलेलं असतं. वेल्डच्या उष्णतेने ते मऊ किंवा ठिसूळ होतं. अपघातात दार धरून ठेवायचं काम त्याच कडेचं आहे.

दुकानात जुना लॅच सोबत न्या. डावं-उजवं, पुढचं-मागचं, सेंट्रल लॉक आहे की नाही आणि कनेक्टरमध्ये पिना किती, हे चारही जुळले पाहिजेत. गाडीच्या चेसिस नंबरवरून भाग मागवणं सर्वांत खात्रीचं.

## टप्पा 8: बसवणं

आधी कनेक्टर आणि आतली केबल लॅचला जोडा, मग लॅच जागेवर न्या. नंतर जोडायला गेलात तर आत बोटं वळत नाहीत. तिन्ही स्क्रू हाताने दोन-दोन आटे लावा, मग आळीपाळीने घट्ट करा. एकच स्क्रू आधी पूर्ण कसला तर लॅच तिरका बसतो. स्क्रूंवर निळं थ्रेडलॉकर, म्हणजे आटे ढिले होऊ न देणारा डिंक, लावा. शेवटी रॉड फोटो पाहून.

आता पॅड न लावता बॅटरी जोडा. दार उघडंच ठेवा. स्क्रूड्रायव्हरने काटा लावून बाहेरचं हँडल, आतलं हँडल, खुंटी, चावी, रिमोट, मागच्या दाराला चाइल्ड लॉक, सगळं प्रत्येकी दहा वेळा. ‘दार उघडं आहे’चा दिवा काटा पूर्ण लागल्यावर विझतो का तेही पाहा. एकदाही चुकलं तर दार लावू नका, टप्पा 6 वर परत या. सगळं पास झालं की हँडलने काटा सोडा. दुसऱ्या माणसाला आत बसवून दार अलगद लावा आणि आतून उघडायला सांगा.

पॅड लावताना कागद आधी. जुना डिंक चिकट असेल तर हाताने दाबून पुरतो, वाळला असेल तर नवी ब्युटाइल टेप (रबरासारखी चिकट पट्टी) लावा. कागदाची खालची कड दाराच्या आतल्या बाजूला गेली पाहिजे, म्हणजे पाणी आतच ओघळेल. मग केबल, स्विचची वायर, वरची कड, क्लिपा, स्क्रू, याच क्रमाने. बॅटरी काढल्यामुळे एका झटक्यात वर जाणारी काच आता तशी जात नसेल, तर काच पूर्ण वर नेऊन स्विच काही सेकंद तसाच धरून ठेवा. बऱ्याच गाड्यांत एवढ्याने जमतं.

## दार बंद अवस्थेतच अडकलं असेल तर

आपटू नका, हँडल जोरात ओढू नका. हँडल तुटलं तर काम दुप्पट होतं. एकाने बाहेरून दाराच्या लॅचजवळच्या भागावर तळहातांनी आत दाब द्यायचा, दुसऱ्याने त्याच वेळी आतून हँडल ओढायचं. स्ट्रायकरचा ताण कमी झाला की चिकटलेला खटका बऱ्याचदा सुटतो. दरम्यान खुंटीने आणि चावीने लॉक दोन-चार वेळा लावून काढा. दार आणि खांब यांच्या फटीतून लांब नळीने स्प्रे मारून अर्धा तास थांबा आणि पुन्हा करून पाहा.

उघडलं की लगेच स्क्रूड्रायव्हर घेऊन टप्पा 1 सुरू करा. ‘उघडलं एकदाचं’ म्हणून परत लावलंत तर पुन्हा तिथेच.

नाहीच उघडलं, तर बंद दारात सीट पूर्ण मागे घेऊन पॅड काढावं लागतं, आणि ते सहसा न फाटता निघत नाही. अशा वेळी गाडी मेकॅनिककडे न्या. अपघातात खांब किंवा दाराचा पत्रा वाकलेला असेल, तरीही.

## आठवड्यानंतर

लॅचचे तीन आणि स्ट्रायकरचे दोन स्क्रू पुन्हा कसून पाहा. काचेवर बाहेरून तांब्याभर पाणी ओता. ते दाराच्या खालच्या भोकांतून रस्त्यावर पडलं पाहिजे. पायपुसण्याखाली हात घालून पाहा, ओल लागली तर कागद परत चिकटवा.